शंभरातले अठ्ठावन्न

बुलढाणा, १२ जानेवारी २०२५

ती. विमलवहिनी,

पाया पडतो. हातात फोन असताना काकांना टपालाची हौस कुठून आली, म्हणून पुष्पांजली हसेल. तिला सांगा, तुझ्या आईनं माझे सात फोन उचलले नाहीत आणि आठवा करायची मला हिंमत झाली नाही. शिवाय फोनवर मी फार गोड बोलतो. वर्गात तीस वर्षं बोलून लागलेली सवय आहे ती. कागदावर तेवढं जमत नाही.

आज गावी जाऊन आलो. दाराला कुलूप आणि विहिरीचा दोर गुंडाळून खुंटीला टांगलेला. केसरबाई त्यांच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आता आला का प्रोफेसर? तुही वैनी बोचकं बांधून पोरीकडे अमडापूरले चालली गेली. रोप नेलेल्या बायांनी दारावर येऊन काय काय तोंड सोडलं, तुले काय मालूम!"

वहिनी, कांद्याचं रोप जातं कधी कधी. यंदा पहाटेची धुई फार पडली. एकोणीस घरांनी तुमच्याकडून रोप नेलं आणि एकोणीस घरचे वाफे पिवळे पडले हे वाईटच झालं, पण लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. त्यासाठी कुणी घर सोडतं का?

पुष्पांजलीनं मला एक निरोप पाठवला आहे. "आई म्हणते, माझा हात गेला. आता बियाण्याला हात लावणार नाही." तो वाचल्यापासून मला जेवण जात नाही. आपल्या गावात पेरणीची पहिली मूठ तुमच्या हातची असते. दादा गेल्यावर काही म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं, तरी बाया तुम्हालाच बोलवायला येत. विमलबाईच्या हाताला गुण आहे हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय.

तुमची यात काही चूक नाही, हे मी अगदी नक्की सांगतो. कशावरून नक्की, ते भेटीत बोलू.

इकडे सगळं ठीक. आपल्या नाल्याच्या वरच्या अंगाला ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथलं पाणी शुद्ध करायचं माझं यंत्र सुरू आहे. तिथले सचिव हर्षल दुसऱ्या गावासाठीही एक मागताहेत. तुम्ही परत या. संक्रांत झाली की मी स्वतः न्यायला येतो.

तुमचा,
सुधाकर

* * *

बुलढाणा, २ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर पुष्पांजलीचं असलं तरी शब्द तुमचेच आहेत, तिनं एकही सुधारला नाही हे बरं केलं. "सुधा, त्या दिवशी तुह्या कॉलेजात मोठ्या लोकाईसमोर मी डब्बा घिऊन आली अन् तुह्यी मान खाली घातली. माह्यंच बियाणं सडकं होतं अन् मी तुह्या पान्याले नाव ठुलं. माफ कर मले बाप्पा. ते बियाणं मी चुलीत घातलं. पाकिटाचं आनलं तं माह्या हातानं तेबी गेलं. पुढच्या बियाण्यासाठी निवडून ठुलेले कांदेबी मोताळ्याच्या बाजारात इकून टाकले. वाणच बिघडलं तं ठिऊन काय करू?"

हे मी चार वेळा वाचलं. मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावून फोन उचलत नाही. तुम्हाला माझ्यासमोर यायची लाज वाटते, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

बियाणं जाळलंत, वहिनी? आईचं बियाणं? आई ते तिच्या माहेराहून पदरात बांधून घेऊन आली होती. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा, आणि तुम्ही लग्न होऊन वर्ष झालेल्या सुनबाई. मला आणि त्या बियाण्याला, दोघांनाही तुम्हीच वाढवलंत. दरसाल चांगले कांदे निवडायचे, ते लावायचे, फुलं आली की बी झाडायचं. एक वर्षही खाडा केला नाहीत.

आता शास्त्राचं थोडं सांगतो. नीट ऐका, कारण यात तुमच्या हाताचा आणि बियाण्याचा निकाल आहे.

दवाखान्याच्या सांडपाण्यात औषधं उतरतात. रोग्यांच्या लघवीतून, धुण्यातून, मुदत संपलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या जातात त्यातून. माझं यंत्र ती काढतं. पाणी आधी कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीच्या कोळशातून गाळलं जातं, मग त्यातून ओझोन नावाचा वायू सोडतो, तो उरलेल्या औषधाचे तुकडे करतो. नंतर आम्ही मशीनवर तपासतो. मशीन म्हणजे हजेरी घेणारे गुरुजी समजा. पटावर नावं असतात त्या औषधांना ते हाक मारतं. कुणी 'हजर' म्हणालं नाही, की आम्ही लिहितो: पाण्यात औषध नाही.

पण औषधाचे तुकडे झाले की त्या तुकड्यांचं नाव पटावर नसतं. ते वर्गात बसलेले असले तरी हजेरीत येत नाहीत. आणि काही तुकडे मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतात. म्हणून कोळसा ओझोनच्या नंतर ठेवायचा असतो, तुकडे गाळायला. मी तो आधी ठेवला होता. कोळसा जास्त दिवस टिकावा म्हणून.

म्हणजे नाल्यात सोडलेलं पाणी औषधाच्या नावापुरतं शुद्ध होतं. दिवाळीच्या आधीपासूनच नाल्याला दुसरं पाणी नव्हतं आणि तुम्ही रोपाचे वाफे त्यावरच भिजवलेत. मी सांगितलं होतं म्हणून.

मागच्या आठवड्यात मी बाजारातून कांद्याचं बंद पाकीट आणलं. तुमच्यासारख्याच शंभर-शंभर बिया दोन फडक्यांत गुंडाळल्या. एक फडकं साध्या पाण्यानं ओलं ठेवलं, एक यंत्राच्या पाण्यानं. आठव्या दिवशी उघडलं. साध्या पाण्यातले नव्वद उगवले होते, यंत्राच्या पाण्यातले छप्पन्न, आणि त्यांचीही मुळं टोकाला काळी. तुमच्या डब्यात विहिरीच्या पाण्याचे एक्याण्णव होते आणि नाल्याच्या पाण्याचे अठ्ठावन्न. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बियाणं खणखणीत होतं. हातही.

ही गोष्ट माझ्याही आत्ताच लक्षात आली. कळताच तुम्हाला लिहितो आहे.

तुमचा,
सुधाकर

* * *

बुलढाणा, ५ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. 'माझ्याही आत्ताच लक्षात आली' हे ते वाक्य. ते पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि तीन दिवस कशातच लक्ष लागलं नाही.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. तुम्ही चौथी शिकलात, एकेक अक्षर लावून वाचता, वेळ लागेल, लागू द्या. पुष्पांजलीला देऊ नका.

नाही, तिलाही द्या. तिनंही वाचायला हवं.

दवाखान्याचं पाणी बाहेर सोडायच्या आधी माशांची परीक्षा असते. मशीनला जे नावानं कळत नाही ते माशाला अंगावर कळतं, म्हणून. त्या पाण्यात दहा मासे सोडायचे आणि चार दिवस थांबायचं. निदान नऊ जगले पाहिजेत. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी ही परीक्षा घेतली. डासांसाठी टाक्यांत सोडतात ते गप्पी मासे आणले होते. एका टाकीत यंत्राचं पाणी, दुसरीत साधं.

चौथ्या दिवशी सकाळी यंत्राच्या पाण्यात सहा जिवंत होते. यंत्र चालवणारा गोविंदा काठाशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "सर, चार गेले. पान्यातच काई तरी हाय."

मी म्हणालो, "ऊन बघ की. चव्वेचाळीसवर गेलंय."

त्यानं नुसतं शेजारच्या टाकीकडे पाहिलं. तिथे दहाच्या दहा पोहत होते. ऊन दोन्ही टाक्यांवर सारखंच पडत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गावी आलो, दोन कॅन घेऊन. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, "काऊन बे, बुल्ढान्यातलं पाणी आटलं का?" मी म्हणालो, तुमच्या विहिरीच्या पाण्याची चव कुठे नाही, वहिनी. तुम्ही इतक्या खूश झालात की मला दोराला हात लावू दिला नाहीत. स्वतः पाणी ओढलंत, पदराच्या फडक्यातून गाळून कॅन भरलेत, आणि वर कैरीचं लोणचं बांधून दिलंत.

ते पाणी मी प्यायलो नाही. टाकीत ओतलं. निम्मं दवाखान्याचं आणि निम्मं तुमच्या विहिरीचं. नवीन दहा मासे सोडले. चार दिवसांनी नऊ जिवंत होते. मी वहीत नऊ लिहिलं आणि खाली सही केली. निम्म्याबद्दल काही लिहिलं नाही.

तुमच्या विहिरीच्या जिवावर ते पाणी पास झालं, वहिनी. मग तेच पाणी तुमच्या वाफ्यात आलं.

का केलं, हे तुम्ही विचारणार नाही, मीच सांगतो. पऱ्हाटीच्या कोळशावर मी बारा वर्षं घालवली होती. माझ्या मागून आलेले पुढे गेले आणि मी बुलढाण्यातच राहिलो. पंधरा ऑगस्टला सत्कार ठरला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. शिवाय खालच्या शेतांना उन्हाळ्यात पाणी मिळणार होतं, हेही कारण होतं. ते खरं होतं म्हणून तर मला जास्त उपयोगी पडलं. खोटं बोलायला खऱ्याचा आधार मिळाला की माणूस शांत झोपतो. मी सहा महिने झोपलो.

मग ऑक्टोबरात तुम्ही कॉलेजात आलात. पाहणी समितीचे लोक बसले होते, हर्षल चहा देत होते. तुम्ही दारात चपला काढल्यात आणि स्टीलचा डबा टेबलावर ठेवून दोन्ही फडकी उघडलीत. "सुधा, पाह्य बरं हे. इहिरीच्या पान्यातले एक्यान्नव उगोले, अन् नाल्याच्या पान्यातले अठ्ठावन्न. काऊन असं झालं असीन?"

त्या खोलीत सात माणसं होती. तुम्ही बरोबर आहात हे मला एकट्याला माहीत होतं. तुमच्या डब्यातले अठ्ठावन्न पाहिले आणि मला सहा मासे दिसले. मी म्हणालो, "वहिनी, बियाणं जुनं झालं असेल. ओलावा लागला असेल." हर्षल हसले, "काकू, हे शास्त्र आहे, घरगुती उपाय नाही." सगळे हसले. मीही हसलो, हे तुम्ही पाहिलंत.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तेव्हा भांडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "असीन बाप्पा. तू शिकेल हाय." डबा झाकलात, चपला घातल्यात आणि गेलात. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, घरी जाऊन बियाणं जाळलंत, पाकिटाचं बियाणं आणून त्याच पाण्यावर टाकलंत आणि ते रोप एकोणीस घरांना दिलंत. तुमच्यावर जे आलं ते सगळं माझ्या त्या एका वाक्यावरून आलं.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, तुमची खोड मला माहीत आहे.

सुधाकर

* * *

बुलढाणा, २४ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनी,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा नव्हती, तरी पोस्टमनची वाट पाहतो.

मी काय केलं तेवढं कळवतो. ट्रस्टला आणि सरकारी कार्यालयाला लेखी दिलं, सहा माशांसकट आणि दोन कॅनसकट. हर्षल म्हणाले, "सर, आपण हे आतल्या आत दुरुस्त केलं असतं." बरोबर आहे, आतल्या आत करण्यात मी पटाईत आहे. नाल्याकडचा पाइप गोविंदानं बंद केला. बंद करताना चाक फिरवायला त्यानं मला पुढे होऊ दिलं. पाणी आता टँकरनं लांबच्या मोठ्या केंद्रात जातं. कॉलेजात चौकशी बसली आहे. त्याची काळजी करू नका, म्हणजे कराल असं मी गृहीत धरतो आहे, तेही माझं चुकतच असेल.

काल रविवारी मारुतीच्या पारावर लोक जमवले. एकोणीसही घरची माणसं होती. मी उभा राहून सगळं सांगितलं. तुम्हाला पत्रात लिहिलं तेवढंच, कमी नाही. बोलून झाल्यावर पाणी द्यायला कुणी उठलं नाही.

सगळ्यात आधी केसरबाई बोलल्या. "म्हंजे विमलचा हात चांगलाच होता ना? इतकंच सांग. हो का नाई?"

मी म्हणालो, हो.

"मंग आमी तिच्या दारात जाऊन जे बोललो, ते कोनाच्या बोडख्यावर घालू?"

मी म्हणालो, माझ्या. पण त्यांनी मान हलवली. "बोललो तं आमी. तुह्या माथी मारून आमचं तोंड धुतल्या जाते काय?" आणि वहिनी, ती जहांबाज बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मग गलका झाला. कुणी मला शिव्या दिल्या, त्या मी येथे लिहीत नाही, तुम्हाला सगळ्या पाठ आहेत. कुणी म्हणालं, पाणी बंद केलं, आता मे महिन्यात काय करायचं? तेही खरं होतं. यंत्र सुधारता येईल, मी म्हणालो. कोळसा नंतर ठेवू. मशीन तपासेल, मासेही तपासतील. "अन् ते मासे कोन मोजीन?" मागून कुणीतरी विचारलं, आणि लोक हसले. अशा हसण्यात उभं राहणं काय असतं ते मला काल कळलं.

शेवटी ठरलं ते असं: मशीन आणि मासे काहीही म्हणोत, कांद्याच्या शंभर बिया त्या पाण्यात घालायच्या आणि विहिरीच्या पाण्याइतक्या उगवल्या तरच पाइप उघडायचा. मोजणी फक्त विमलबाईंनी करायची. दुसऱ्या कुणाचा आकडा गाव मानणार नाही. ट्रस्टनं हे लिहून दिलं आहे.

मी घरोघर फिरून विचारलं, तुमच्या जुन्या बियाण्यातलं कुणाकडे चिमूटभर तरी शिल्लक आहे का. सगळ्यांनी रोपच नेलेलं, बी कुणाकडे नाही. मोताळ्याच्या बाजारातही विचारलं. ते कांदे कधीच खाऊन झाले. हे मी परत आणू शकत नाही.

गावाला तुमची गरज आहे म्हणून या. मी सांगतो म्हणून येऊ नका.

सुधाकर

* * *

बुलढाणा, ७ एप्रिल २०२५

ती. वहिनी,

पाकिटावर आता गावचा पत्ता घालतो, एवढं एक बरं झालं.

आपण दर सोमवारी यंत्रापाशी समोरासमोर असतो आणि तरी मी पत्र लिहितो. कारण तिथे तुम्ही माझ्याशी आकड्यांपलीकडे बोलत नाही. तुम्ही येता, गोविंदाची विचारपूस करता, त्याच्या बायकोच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगता. मग फडकी सोडता आणि मोजायला बसता. मी आणलेला चहा तुम्ही नको म्हणत नाही. तो तिथेच राहतो आणि गार होतो.

यंत्राच्या पाण्यातले आधी एकाहत्तर झाले, मग अठ्ठ्याहत्तर, मग पुन्हा घसरून शहात्तर, तेव्हा कोळशाचा थर वाढवला. आज चौऱ्याऐंशी. विहिरीच्या फडक्यात नव्वद.

तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा हर्षल माझ्याजवळ आले. "सर, सहाचा तर फरक आहे. मासे दहाच्या दहा जगलेत, मशीन स्वच्छ सांगतंय. मे तोंडावर आलाय, लोक रोज विचारतात. नव्वद लिहून मोकळे व्हा ना, काकू कुठे वही बघतात?"

वाईट माणूस नाही तो. त्यालाही लोकांना पाणी द्यायचं आहे. गेल्या एप्रिलमध्ये मी जे स्वतःला सांगत होतो तेच तो मला सांगत होता, आणि त्याच गोड आवाजात. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला ते पटलंही. एवढं सगळं होऊनही पटलं. याची मला जितकी भीती वाटली तितकी चौकशीचीही वाटली नव्हती.

मी चौऱ्याऐंशी लिहिलं. पाइप बंदच राहिला.

तेवढ्यात तुम्ही आलात, पदराला हात पुसले आणि म्हणालात, "वही दाखवा सर."

मी वही पुढे केली. तुम्ही चष्मा लावलात. आकड्याखाली बोट ठेवलंत. आधी आठ वाचलात, मग चार. मग बोट वर सरकवून मागच्या तिन्ही सोमवारचे आकडे वाचलेत, कुठे खाडाखोड आहे का ते पाहिलंत, आणि मगच चष्मा काढलात. हर्षल खाली बघत होते. मी तुमच्या बोटाकडे बघत होतो.

मी शाळेतून निकाल आणायचो तेव्हा तुम्ही चुलीपुढे असायचात. कागद हातात न घेताच माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचात. दादा म्हणायचा, अगं बघ तरी, नापास झाला असला तर? तुम्ही म्हणायचात, "सुधाचं काय पाहा लागते?"

आता पाहत जा, वहिनी. दर सोमवारी, असंच बोट ठेवून. मी लिहिलेला एकही आकडा न पाहता सोडू नका.

सुधाकर